किडनी ट्रेमधला नारळ

नारळ आणलात तुम्ही, माणूस आणला नाहीत.

आणि नारळ तरी कसा – शेंडी राखलेला, हळदीकुंकवाची बोटं ओढलेला, आणि घरंगळू नये म्हणून संपतने किडनी ट्रेमध्ये बसवलेला. सकाळी कस्तुराबाई ज्या ट्रेमध्ये ओकली, तोच घासूनपुसून ठेवलेला ट्रे, त्यात हा असा ऐटीत, नवा पेशंट भरती व्हावा तसा. ललिता त्याच्याकडे बघत राहिली. नारळाला लागूनच, भिंतीच्या कडेला, लाकडी स्टँडमध्ये काचेची एक नळी उभी होती आणि नळीत कस्तुराबाईचं रक्त होतं. वीस मिनिटं त्या नळीला हात लावायचा नव्हता. मग हलकेच तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असलं तर घोणशीचं विष उतरतंय. पाण्यासारखं वाहिलं तर सापाचं औषध पुन्हा चढवायचं आणि तिला पुण्याला हलवायची तयारी करायची... एका बाईचं सगळं त्या बोटभर काचेत आलं होतं आणि शेजारी सत्काराचा नारळ.

"संपत, हा ट्रे कशाचा आहे?"

"धुतल्याला हाय, ताई. मीच धुतलाय." संपत म्हणजे इथला शिपाई, वॉर्डबॉय आणि वेळ आली तर गाडीचा ड्रायव्हरही. आज त्याला फेटा बांधला होता आणि त्यात तो स्वतःच्या लग्नातल्यासारखा अवघडला होता. "खाली टेबलावर जागाच न्हाई. बुके, शाली, मोमेंटं. आन् ह्याच्यातला एक नारळ जरी गेला ना, तर साहेब माझीच शेंडी धरत्याल."

"त्या नळीला धक्का लागला असता तर?"

"न्हाई लागायचा. नारळ शहाणा हाय," म्हणाला आणि फेटा सावरत खाली पळाला.

नारळ शहाणा आहे. तो बसवला तिथे बसतो. तिने नारळ उचलून टेबलाखाली जमिनीवर ठेवला, ट्रे पुन्हा धुवायला काढला, आणि मगच लक्षात आलं की आपण हे सगळं न चिडता केलं, रोजच्यासारखं – कुणीतरी काहीतरी चुकीच्या जागी ठेवायचं आणि आपण मुकाट उचलून जागेवर ठेवायचं. ह्यालाच ते समर्पण म्हणतात बहुतेक. पत्रिकेवर तसं छापलं होतं. 'समर्पित परिचारिका सौ. ललिता रविराज गव्हाणे यांचा भव्य नागरी सत्कार.'

खिडकीतून मांडव दिसत होता. मांडवाला जागा हवी म्हणून अँब्युलन्स फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन लावली होती. पाहुण्यांना उकडू नये म्हणून वॉर्डातला कूलर खाली नेला होता, आणि तो आता स्टेजच्या पायथ्याशी घरघरत होता. वर मे महिन्याचं ऊन पत्र्यावर आणि कस्तुराबाईच्या सुजलेल्या पायावर माशा. दुसऱ्या रांगेत रविराज बसला होता, तिचा नवरा. दौंडच्या रेल्वे शेडमधून अर्धी रजा टाकून आलेला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात ठेवून शाळेतल्यासारखा ताठ. शेजारी सायली, लेक, मोबाइल डोक्याच्या वर धरून रिकाम्या स्टेजचं शूटिंग करत होती.

रिकाम्या नव्हे. एक खुर्ची सोडली तर सगळ्या भरल्या होत्या.

खोटं कशाला बोलू, हौस होती. चेंजिंग रूममधल्या खिळ्याला अबोली साडी लटकत होती, पिशवीत गजरा होता, आणि काल तिने आरशासमोर उभं राहून दोन वाक्यं म्हणून पाहिली होती – हा सत्कार माझा एकटीचा नसून... पुढं काय म्हणायचं ते जमलं नव्हतं. एवढ्या वर्षांत टाळ्या अशा वाजल्या नव्हत्या कधी. बाळंतीण घरी जाते, पेढे डॉक्टरांच्या टेबलावर. म्हातारा उठून बसतो, पाया डॉक्टरांच्या. तिला त्याचं काही नव्हतं... असं ती म्हणायची. आणि आता वाजणार होत्या, तर त्या ऐकायला खाली जाता येत नव्हतं, कारण वॉर्ड कुणाकडे सोपवायचा ते कुणीच ठरवलं नव्हतं. शाल ठरली होती, जेवण ठरलं होतं, पाहुणे किती वाजता निघणार ते ठरलं होतं.

"पोरी," कस्तुराबाईने कण्हत विचारलं, "खाली वाजंत्री कशाची गं? लगीन हाय का कुनाचं?"

"सत्कार आहे, मावशी."

"कुनाचा?"

"माझाच."

म्हातारीने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. कांद्याच्या चाळीत हात घालताना नव्हे, चाळीतून बाहेर पडताना पायाला डसली होती घोणस. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीकडे अशीच नीट बघत होती. "आन् तू हितं?"

"व्हय, मी हितं."

"मंग बरं हाय की. वऱ्हाड खाली जेवतंय आन् नवरी हितं मुताची पिशवी बघतीया."

ललिता हसली. खरंच पिशवीच बघत होती. लघवीत लाल रंग येतो का, हिरड्यातून रक्त येतं का, पापणी जड होते का... हे असं दर थोड्या वेळाने बघायचं असतं, ते कागदावर वाचून कळत नाही, उशाशी कुणीतरी असावं लागतं. डॉक्टर एकच, आणि ते स्टेजवर. साहेब म्हणजे तेच. मावशीची सून अनिता उशाशी होती, पण ती मघापासून नवऱ्याला फोन लावत होती आणि रडत होती.

चेंजिंग रूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत बाकावर दुसरी नर्स निखत आडवी झाली होती, पाय पिशवीवर ठेवून. काल संध्याकाळपासून ती ड्युटीवर होती, सकाळी सुटली, शिरूरच्या बसने घरी जायचं तर गेली नाही. "ताई, तुमचा सत्कार बघून जाते ना, मला टाळ्या वाजवायच्यात." सातवा महिना. शिरूरला टेलरिंगचं दुकान असलेल्या तिच्या अब्बांनी, शेखलालभाईंनी, तिचा पांढरा ड्रेस दोन्ही बाजूंनी उसवून मोठा करून दिला होता. शिवण जुनी जिथे होती तिथे कापड अजून कोरं पांढरं दिसायचं. मागच्या खेपेला तिचं चौथ्या महिन्यात गेलं होतं. ड्युटीवर, इथल्याच बाथरूममध्ये. ललितानेच तिला धरून आणलं होतं, आणि वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या बेडवर झोपवून, तिची ड्युटी पुढे स्वतः ओढली होती. कंत्राटी पोर, रजा घेतली तर पुढच्या वेळी ऑर्डर निघेल की नाही ह्या धाकाने आठ दिवसांत परत आली.

आज सकाळी ललिताने तिचं बीपी घेतलं होतं. आवडलं नव्हतं. "घरी जाऊन झोप," म्हणाली होती. पण तिला टाळ्या वाजवायच्या होत्या.

हे रुग्णालय पुलाजवळचं. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि पेशंट दोन्हीकडचे. पण माणूस मागायला अलीकडे फोन केला की म्हणतात तुमची पदं पलीकडून भरायची, पलीकडे केला की म्हणतात फाइल अलीकडे आहे. नदीच्या पाण्यावर हक्क सांगायला दोन्ही तालुके पुढे. नर्सवर हक्क सांगायला कुणी नाही. म्हणजे पाच जणींच्या जागी दोघी, आणि त्यातल्या एकीला सातवा महिना. "सांभाळून घ्या, सिस्टर." फोनवरचा प्रत्येक माणूस हेच म्हणायचा, आणि ती सांभाळून घ्यायची. सांभाळून घेतलं की महिना पार पडतो. महिना पार पडला की वर कळवलं जातं – अडचण नाही, सुरळीत चालू आहे.

...ट्रेनिंगला असताना मेट्रन होत्या धुरपदाबाई. आवाज असा की अख्खं हॉस्टेल उठायचं. "पोरींनो, ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. जाणारीने येणारीला एकेका खाटेपाशी उभं राहून सांगायचं – हा असा आहे, ह्याचं एवढं झालं, एवढं राहिलं. आग लागली तर? आधी पेशंट बाहेर काढा, मोजा, आणि ओव्हर बंबवाल्याला द्या. पण ओव्हर दिल्याशिवाय पाऊल उचललंत तर तंगडं मोडीन." पोरी तोंड दाबून हसायच्या. आणि मग जन्मभर प्रत्येकीच्या पायात ते बसलं, बेडीसारखं म्हणा, पैंजणासारखं म्हणा. फक्त धुरपदाबाईंना एक सुचलं नव्हतं. घेणारीच आली नाही तर?

खाली माइक खरखरला. सूत्रसंचालन करणारे गुरुजी तालुक्यातल्या सगळ्या सत्कारांना तेच असायचे. लग्न असो, निरोप समारंभ असो, दहावा असो, आवाजाची उंची एकच.

"...कर्तव्यनिष्ठेचा मूर्तिमंत पुतळा! ज्यांनी रुग्णांनाच आपलं कुटुंब मानलं, ज्यांनी सहकाऱ्यांना मायेची सावली दिली..."

सावली दिलेली सहकारी बाकावर पाय वर करून झोपली होती.

"आणि मंडळी, एक प्रसंग सांगतो. ऐकून डोळ्यांत पाणी येईल. ज्या दिवशी केंदूरला त्यांच्या जन्मदात्या पित्याचं निधन झालं, त्या दिवशी... त्या दिवशीसुद्धा ह्या माउलीनं वॉर्ड सोडला नाही! बाप गेला, पण पेशंट सोडला नाही!"

टाळ्या.

खिडकीच्या गजावर तिचा हात होता. गज तापलेला होता, ते तिला टाळ्या थांबल्यावर कळलं.

सोडला नाही म्हणे. कुणी सांगितलं यांना? संपतने. दुसरं कोण... त्याच्याच मोटारसायकलवर गेली होती ती त्या दिवशी. त्याने अभिमानाने सांगितलं असणार, डोळे पुसत, की ताई अशा हायत. त्याचा काय दोष. आणि गुरुजींनी त्याला मीठमसाला लावला, त्यांचाही दोष नाही, त्यांचा तो धंदाच.

पण तसं नव्हतं ते. सकाळी भावाचा, पोपटचा, फोन आला – आबा गेले, निघ. तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. माझे वडील वारलेत, कुणाला तरी पाठवा. बघतो, सिस्टर. अलीकडे लावला, पलीकडे लावला. साहेब मीटिंगमध्ये. निखतचं ते त्याच दिवशी गेलेलं, ती त्याच बेडवर होती, कोपऱ्यातल्या, पोट धरून. एक बाई कळा देत होती. दुपारी पुन्हा फोन. पाठवतो म्हटलं ना, जरा सांभाळून घ्या. पोपटचा फोन – किती वेळ ठेवायचं गं, ऊन फार हाय, माणसं खोळंबल्यात. तुझं पाणी तेवढं राह्यलंय. लेकीने तोंडात पाणी घालायचं असतं. मग सगळे उचलतात.

संध्याकाळी बदली नर्स आली. न्हावरा, तळेगाव, शिक्रापूर... संपतने गाडी कशी मारली त्याचं त्याला माहीत. केंदूरच्या ओढ्याजवळ पोचली तेव्हा लाकडं बसली होती, आणि पोपट म्हणाला, तुझ्या वाटचं पाणी मी घातलं गं ताई, तुझं नाव घेऊन घातलं. राखेची ऊब लांबूनही लागत होती.

मी वॉर्ड सोडला नाही, असं नव्हतं. मला कुणी सोडवलं नाही.

ते माझं थोरपण नव्हतं, तुमचं नर्सविना रिकामं पडलेलं टेबल होतं. आणि आज तुम्ही त्याच रिकाम्या टेबलावर कापड अंथरून, वर बुके ठेवून, मला तिथे उभी करणार. आणि मी हात जोडले की ते कायमचं तसंच ठरणार. पुढच्या वेळी कुणा पोरीचा बाप गेला आणि तिने रजा मागितली की कुणीतरी म्हणेल – आमच्या ललिता सिस्टर बघा...

हे शेवटचं तिच्या मनात आलं आणि ती खिडकीपासून मागे सरकली. पुढची पोरगी म्हणजे कोण? ती तर बाकावर आहे.

मोबाइल थरथरला. सायली. "आई, ये ना लवकर. नाव घेतलं तुझं. बाबा सारखे मागं वळून जिन्याकडं बघतायत."

"येते म्हण." असं म्हणाली खरी. का म्हणाली कुणास ठाऊक. जीभ सवयीची असते.

जिन्यावर पावलं वाजली. साहेब वर आले. डोक्याला भगवा फेटा, कपाळावर घाम, हातात घडीची शाल, बहुधा गडबडीत तशीच घेऊन आलेले. फेटा बघून कस्तुराबाईने पडल्या पडल्या डोक्यावर पदर ओढला.

"कोन पावनं आलं?"

"डॉक्टरसाहेब आहेत, मावशी."

"आगं बया. मला वाटलं व्याही."

साहेबांनी हसल्यासारखं केलं. वाईट माणूस नव्हता तो. माणूस मागायची पत्रं त्यांनीही वर पाठवली होती, आणि उत्तर आलं नाही तेव्हा तेही सांभाळून घ्यायला शिकले होते. "सिस्टर, काय हे? तीनदा पुकारलं तुम्हाला. पाहुण्यांना पुढं वढूला जायचंय, समाधीच्या दर्शनाला. तिथं वेळ दिलेली आहे. दहा मिनिटांचं काम. चला."

"नळी लावलीय, साहेब." तिने स्टँडकडे बोट केलं. "अजून वेळ झाली नाही."

"अहो, ती काय पळून जाणार आहे?"

चेंजिंग रूमच्या दारात निखत उभी राहिली होती. एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात कमरेला. ओढणी नीट करत होती. डोळे झोपेने सुजलेले. पावलंही, चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हती. "ताई, मी बसते ना. तुम्ही जा. नळी मी बघते. मला फक्त खुर्ची द्या."

"झालं तर!" साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "निखत आहे. ह्याला म्हणतात टीमवर्क. हेच सांगणार आहोत आपण पाहुण्यांना."

किती सोपं होतं. नेहमीसारखं. साडी नेसायला पाच मिनिटं, जिना उतरला की टाळ्या, रविराजचा ताठ बसलेला चेहरा सैल झाला असता. आणि वर ही पोर खुर्चीवर, पाय लोंबते, नळीकडे डोळे. दहा मिनिटंच. तेव्हाही दहा मिनिटंच होती, प्रत्येक वेळी... आणि त्या दहा-दहा मिनिटांचा डोंगर झाला होता, त्याच्याखाली आबांचं पाणी होतं, निखतचं पहिलं होतं, आणि आता दुसरं. सहकाऱ्यांना सावली दिली म्हणून शाल घ्यायची, आणि ती घ्यायला जाता यावं म्हणून सहकाऱ्यालाच उन्हात बसवायचं.

ललिता तिच्यापाशी गेली, खांदा धरला आणि तिला पुन्हा बाकाकडे वळवलं. "तू आडवी हो."

"पण ताई..."

"टाळ्या पडल्या पडल्यासुद्धा वाजवता येतात. हो आडवी."

मग ती साहेबांकडे वळली. "निखत इथं नाही, साहेब."

"म्हणजे? समोर तर आहे!"

"ती माझी धाकटी बहीण म्हणून आलीय सत्कार बघायला. नर्स निखत सकाळीच सुटली."

"सिस्टर, ही वेळ आहे का?" आवाज थोडा चढला, मग खिडकीकडे बघून खाली आला. माइकवर गुरुजी म्हणत होते, "सत्कारमूर्ती येतच आहेत, तोवर आपण..." आणि कुणीतरी गाणं लावलं. "लोकं काय म्हणतील? घरची माणसं बसलीयत तुमची. तुमचाच मान आहे हा."

माझाच मान. तो वर जिना चढून आला, घडी घातलेला, साहेबांच्या दंडावर. जरीचा काठ होता. खाली रविराज वळून बघत असेल. त्याला रात्री काय सांगायचं, सायलीला काय सांगायचं, तिला माहीत नव्हतं. उद्या काय होईल तेही. कदाचित कारणे दाखवा नोटीस. कदाचित काहीच नाही, नुसतं हसणं – सिस्टर जरा चक्रमच. तिला वाटलं होतं की असं कधी बोलली तर रडू येईल, त्या दिवशी फोनवर आलं होतं तसं. तेव्हा तिने आवाज बारीक केला होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्लीज लावलं होतं. आता डोळे कोरडे होते. आत काहीतरी जागेवर बसलं होतं, खाटेचं चाक अडकवून टाकावं तसं. तो राग नव्हता. रागाला तिने इतकी वर्षं सांभाळूनच घेतलं होतं, तो कुठे गेला होता देव जाणे.

ती कस्तुराबाईच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, धुरपदाबाईंनी शिकवलं होतं तशी, आणि मोठ्याने सांगायला लागली.

"कस्तुराबाई. घोणस चावली, डाव्या घोट्याला, कांद्याच्या चाळीत. औषधाचा पहिला डोस सकाळी पूर्ण. सूज पोटरीपर्यंत, वर खूण केलीय, तिच्या पुढे गेली तर बघायचं. लघवी अजून स्वच्छ. रक्ताची नळी लावलेली आहे, हलवायची नाही. वाहिली तर दुसरा डोस आणि पुण्याला हलवायचं, आणि गाडी फाटकाबाहेर आहे, मांडवामुळे, तिच्यापर्यंतची वाट आधी मोकळी करावी लागेल."

साहेब नकळत मागे वळून बघायला लागले, ती कुणाशी बोलतेय ते पाहायला. मागे कुणी नव्हतं. जिना रिकामा होता.

"बाई, तू तर देवीची आरती म्हनल्यावानी म्हनतीस," कस्तुराबाई हळूच म्हणाली. अनिता रडायची थांबली होती.

"एवढं झालं, एवढं राहिलं," ललिता म्हणाली. "मी खाली यायला तयार आहे, साहेब. साडी आणलीय, गजरा आणलाय. तुम्ही इथं थांबणार असाल तर आत्ता जाते. नाहीतर स्टेजवर इतकी मोठी माणसं बसलीयत, त्यांना विचारा. माइकवर विचारा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण मला आज उत्तर पाहिजे, बघतो नको, पाठवतो नको."

गाणं संपलं. खाली सगळा मांडव जिन्याकडे कान लावून बसल्यासारखा.

"बोला, साहेब. माझी ओव्हर कोण घेतंय?"